सत्तावन्न इंच

माणसानं पोटासाठी काहीही करावं, पण ज्याला मराठीत शब्द नाही असा धंदा करू नये. मी क्युरेटर आहे. त्यातही स्वतंत्र क्युरेटर. यातल्या 'स्वतंत्र'चा अर्थ 'पगार नाही' असा घ्यावा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी हे सुरू केलं, तेव्हा कऱ्हाडच्या मामांना सर्वात जास्त आनंद झाला. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत त्यांनी 'क्युरेटर' हा शब्द ऐकला होता. भाचा खेळपट्ट्या तयार करतो, असं त्यांनी दोन वर्षं अख्ख्या पेठेत सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडनं वानखेडेवर आपल्याला २५ धावांनी हरवलं आणि मालिका ३-० अशी खिशात घातली, त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "एवढी फिरकी ठेवायची काय गरज होती रे?" मी म्हटलं, "मामा, मी चित्रं लावतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे तिथूनही काढलं का?"

तर, मी चित्रं लावतो. काढतो दुसराच. विकत घेणारा तिसरा; तो अजून भेटायचा आहे. या दोघांच्या मध्ये मी उभा. कुठलं चित्र कुठल्या चित्राशेजारी शोभेल, कुणाची कुणाशी भांडणं होतील, हे बघायचं. लग्न जुळवण्यासारखंच काम, फक्त इथं दोन्ही बाजू वरपक्षाच्या. शिवाय हॉल ठरवणं, टेम्पो ठरवणं, चित्र आलं तेव्हा कुठं ओरखडा होता त्याची नोंद ठेवणं, कार्ड छापणं, उद्घाटकाच्या भाषणात चित्रांचा उल्लेख यावा म्हणून देवाला नवस बोलणं, आणि शेवटी खिळे उपटून भिंतीची भोकं बुजवणं. आमच्या सौ. या उद्योगाच्या खजिनदार. त्यांच्या वहीत 'जमा' हा रकाना आहे, पण त्याचा कागद अजून कोरा करकरीत आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते शाळेच्या सहलीत, औंधला. सातारा जिल्ह्यातलं एवढंसं गाव, पण तिथं यमाईच्या डोंगराच्या वाटेवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, सूर्यनमस्कार घालायचा आणि प्रजेलाही घालायला लावायचा. १९३९ साली तर त्यानं राज्यकारभारच प्रजेच्या हाती देऊन टाकला. चित्रं मात्र जपून ठेवली. तिथं रविवर्मा आहे, पाश्चात्त्य चित्रांच्या नकला आहेत, आणि एका कोपऱ्यात हेन्री मूरचं मायलेकरांचं शिल्प आहे. यमाईला नवस फेडायला आलेली बाई लेकरू कडेवर घेऊन त्या दगडी आईपुढे उभी राहते, क्षणभर बघते, आणि पदर सारखा करून पुढं जाते. मला वाटलं, हेच करावं. पुढं हिशेब मांडल्यावर लक्षात आलं, की बाळासाहेबांकडे दृष्टी होती आणि संस्थानही होतं. माझ्याकडे यातली, असलीच तर, एकच गोष्ट आहे.

पहिलं मोठं प्रदर्शन साताऱ्यात केलं. मुहूर्त असा निवडला की विचारू नका. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. शहरात पोलीस, फलक, शाळांच्या रांगा. ऐन त्याच आठवड्यात मी सहा तरुण चित्रकारांची नवी चित्रं घेऊन शेजारच्या गल्लीत बसलो. गर्दी झाली! प्रत्येक जण आत यायचा, चारी भिंतींवर नजर टाकायचा आणि विचारायचा, "वाघनखं कुठायत?" एका चित्रात लाल पार्श्वभूमीवर चार काळे फराटे होते. चित्रकाराच्या मते तो 'शहरातला एकाकीपणा' होता. एका आजोबांनी त्यापुढे चप्पल काढून हात जोडले. चित्रकार घायकुतीला येऊन माझ्याकडे बघू लागला. मी त्याला म्हटलं, "गप्प बस. तुझ्या एकाकीपणाला याआधी कुणी चप्पल काढली होती?"

सातारकरांनी पेढे दिले, चित्र घेतलं नाही. खजिनदारांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "सांगलीचं कबूल केलंय ना, ते करा. मग बघू." त्या 'मग बघू' म्हणतात तेव्हा बघण्यासारखं काही उरलेलं नसतं, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे.

सांगलीला दिवाळीनंतर हॉल मिळाला. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक मळकट आडवी रेघ होती. मी वॉचमनला म्हटलं, "ही जरा चुन्यानं पुसून घेऊ." तो म्हणाला, "ती नगा पुसू साहेब. एकोणीसच्या पाण्याची हाय." मी विषय बदलण्यासाठी त्याला माझ्या धंद्यातलं एकमेव शास्त्र सांगितलं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला नजर भिडते. मोठमोठ्या संग्रहालयांत असंच करतात. त्यानं टेपकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांगलीत सत्तावन्न म्हटलं की फूट, साहेब." ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. मी टेप गुंडाळला आणि रेघ राहू दिली.

याच प्रदर्शनात एका मुलीचं काम होतं. ती हरिपूरची. तिनं चित्र काढलंच नव्हतं. जमिनीवर काळ्या कापडाचं मोठं वर्तुळ अंथरलं आणि भोवती हळकुंडांचे ढीग रचले. नाव दिलं 'पेव'. हरिपुरात जमिनीखाली पेवं असायची. तोंड अरुंद, पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. हळद तिनं काकांकडून उसनी आणली होती, परतीच्या बोलीवर. मी उद्घाटनाला सांगितलं, की अनिश कपूर १९७९ साली भारतात फिरून गेले आणि नंतर त्यांनी लंडनमध्ये कोरड्या रंगांचे ढीग मांडून नाव काढलं. पाहुणे म्हणाले, "वा वा," आणि भडंगाच्या टेबलाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धोतर, टोपी, खांद्यावर रुमाल अशी एक मूर्ती आत आली. भिंतींकडे ढुंकूनही न बघता सरळ हळदीपाशी. उकिडवी बसली. एक हळकुंड उचललं आणि कडकन मोडलं! मुलगी किंचाळायच्या बेतात. 'कलाकृतीस हात लावू नये' ही पाटी मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिली होती. म्हाताऱ्यानं मोडल्याचा आवाज ऐकला, आतला रंग पाहिला, वास घेतला.

"राजापुरी हाय. पण जुनी. काय भाव?"

"विकायची नाही आप्पा, हे प्रदर्शन आहे."

"मग सौदा कशाला मांडलासा?"

जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं होतं आणि मी त्याला परत पाठवत होतो. तेवढ्यात मुलगी शेजारी बसून म्हणाली, "आजोबा, हे पेव आहे." म्हातारा एकदम गप्प झाला. काळ्या कापडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आमची तीन हुती. पाचच्या सालात गेली. पाणी उतरल्यावर उघडली, तर वास..." पुढं बोललाच नाही. रुमालानं चष्मा पुसला आणि निघाला. दारातून वळून म्हणाला, "कंदील न्हाई तुमच्या पेवाला. चूक हाय."

दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला. हातात काजळी धरलेला कंदील आणि दोरखंड. पेव उघडलं की माणूस एकदम उतरत नाही, आत हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडायचा. जळत राहिला तर माणूस, विझला तर कुणी नाही. मी शिडी आणली, टेप काढला आणि सवयीनं म्हणालो, "सत्तावन्न इंचांवर बांधू या?"

"वर कशाला? देव हाय व्हय त्यो? खाली सोडा. वाकून बघितलं पायजे."

कंदील जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबला. वॉचमननं नियमाची आठवण करून दिली आणि काडी स्वतःच ओढली. त्या दिवसापासून लोक भिंतीवरची चित्रं सोडून तिथं वाकू लागले. कुणी म्हणे आमचं एक होतं, कुणी म्हणे आजोबांची चार. मी भाषण केलं नाही. गरजच उरली नव्हती. अनिश कपूर सुटले.

शेवटच्या दिवशी हळद पोत्यांत भरून काकांकडे गेली. वजनात एक हळकुंड कमी. कंदील परत द्यायला गेलो तर म्हातारा घेईना. म्हणाला, "न्या तुमी. आता उतरायला पेव कुठाय?"

घरी खजिनदारांनी वही काढली. हॉलभाडं, टेम्पो, भडंग, रॉकेल. जमेच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'कंदील, नग १'. मी हळूच विचारलं, "मग, बघायचं का?"

"पुढचं कुठं करणार?"

"कऱ्हाडला म्हणतोय."

"करा," त्या म्हणाल्या, "पण आधी मामांना सांगा. नाहीतर ते रोलर घेऊन येतील."