चिऊचा घास, काऊचा घास

वास्तुविशारद ले कॉर्बुझिएने चंडीगडचा सेक्टर आखला तो ८०० बाय १२०० मीटरचा. शाळा, दुकानं, बाग सगळं आत आणि भरधाव रस्ते बाहेर, म्हणजे पोराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडायला नको. वडिलांच्या बदल्यांमुळे महाराष्ट्रातून इथे येऊन पडलेल्या आम्हा मुलांना कॉर्बुझिए ठाऊक नव्हता, पण त्याच्या आराखड्यावर आम्ही यथेच्छ हुंदडलो. दुपारी घराबाहेर हाकलायचे आणि दिवेलागणीला आत ओढायचे. मधल्या वेळात आम्ही कुठे आहोत, हे कुणाला माहीत नसे आणि फारशी पंचाईतही नसे. पिठ्ठू, म्हणजे आपली लगोरी, खेळताना भांडणं पंजाबीत व्हायची, रडणं मात्र घरी येऊन मराठीत.

आज हिरवळ तीच आहे, झाडं तर तेव्हापेक्षा मोठी झालीत. पोरं आत आहेत. कुठे आहेत हे आईबापांना पक्कं ठाऊक असतं: सोफ्यावर. काय बघताहेत, ते मात्र ठाऊक नसतं.

जेवण्याचंच घ्या. आमच्या लहानपणी चिऊचा घास, काऊचा घास असा सोहळा असे. आई घास हातात धरून थांबायची, विचारायची, ‘काऊ कुठे गेला?’ आम्ही बोट दाखवायचो, काहीतरी बोबडं बोलायचो, ती त्याला उत्तर द्यायची. भाषा अशाच देवघेवीतून येते, असं आता बालविकासाची माणसं सांगतात. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आईला फक्त वाटी संपवायची होती. आणि खरं सांगायचं तर दोन-चार घासांनंतर काऊ उडून जाई आणि बागुलबुवा येई. त्यालाही दाद दिली नाही, तर पोलीस.

आता वाटीला टेकवून फोन ठेवला जातो. पोर आ करतं, गिळतं, न बघता पुन्हा आ करतं. धाक नाही, मार नाही, आणि संवादही नाही. फोनमधला काऊ छान नाचतो, पण उत्तरासाठी थांबत नाही.

तरी जुनं सगळं सोन्याचं होतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाला ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून सोडून दिलं जाई. फळा न दिसणारा ‘ढ’ ठरे आणि चष्म्याऐवजी छडी खाई. दिवेलागणीची हाक मुलींना जरा लवकरच येई. आज त्याच मुलाला वेळेवर डॉक्टरांकडे नेतात, ही प्रगती नाही तर काय?

त्या डॉक्टरांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, अशी मर्यादा घातली. इथल्या पीजीआय रुग्णालयाच्या संशोधकांनी चंडीगडमधली दोन ते पाच वर्षांची मुलं तपासली, तर निम्म्याहून अधिक मर्यादेबाहेर निघाली. पुढे त्यांनी स्क्रीन कमी करण्याचा कार्यक्रम आखला, तेव्हा शिकवणी लावली ती आईबापांची. मला हे फार आवडलं. आमच्या वेळी वडील वर्तमानपत्राआड असत, पण वर्तमानपत्र कधीतरी संपायचं.

आणि आजी? आमची आजी म्हणजे आंतरदेशीय पत्राच्या कोपऱ्यात लिहिलेला ‘शि. सा. न.’ आणि उन्हाळ्यात अंबाल्याहून धरलेली झेलम एक्स्प्रेस. पुण्याला पोचेपर्यंत अंगावर कोळशाची नाही तरी धुळीची पुटं चढत. वर्षभर आमचं मराठी पंजाबी हेल काढायचं. सुट्टीत ती ते धुऊन काढायची, तोवर परतीची गाडी यायची. तिचं पत्र उघडताना घरात जी झुंबड उडे, ती आता कशानेच उडत नाही.

आजची आजी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर असते. साताऱ्याच्या गच्चीतला खरा कावळा ती चंडीगडच्या नातवाला दाखवते, ‘काऊ काय म्हणतो?’ विचारते आणि उत्तरासाठी थांबते. नातू आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो, हे कबूल करायला जीभ जरा जड होते. तज्ज्ञही असे कॉल मर्यादेत धरत नाहीत. कॉल संपला की नातवाचा फोन काढून घेतला जातो. आजी मात्र तिकडे रील बघत बसते, आणि तिला तासाची मर्यादा अजून कुणी घातलेली नाही.