पाषाण रस्त्यावरच्या नव्या वाटा

पुण्याला गेलं की आपण सारसबाग, पर्वती, तुळशीबाग करतो. पण घरात सायन्स शिकणारी लेक असेल, तर एक फेरी पाषाण रस्त्याला जरूर मारावी. विद्यापीठ चौक सोडून रिक्षा त्या बाजूला वळली की झाडी लागते, अन् मग १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजेच एनसीएल. पुढे २००६ सालची आयसर.

माझी भाची पुण्यातच पेशींवर संशोधन करून डॉक्टर झाली. तब्बल सहा वर्षं! आता विद्यावेतन थांबलंय, होस्टेल सुटलंय आणि ताईनं दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. नोकरी, नाहीतर स्थळं बघायची. प्राध्यापकीच्या जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल त्याचा भरवसा नाही. ताईचंही चुकलं असं कसं म्हणू?

“मावशी, तू चल तर खरं,” म्हणून ती मला एनसीएलच्या इनोव्हेशन पार्कात घेऊन गेली. तिथं २००७ सालापासून व्हेंचर सेंटर आहे. आपण कार्याला मोठी पातेली भाड्यानं आणतो ना, तशी इथं नव्या उद्योजकाला प्रयोगाची जागा अन् महागडी यंत्रं भाड्यानं वापरता येतात. कल्पना चांगली असेल तर केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था ५० लाखांपर्यंत अनुदानही देते.

भाचीला मात्र कारखाना काढायचा नाही. ती पेटंट एजंटच्या परीक्षेला बसणार आहे. विज्ञानाची पदवी पुरते, वकिलीची लागत नाही. शोधात नवं काय आहे ते नेमक्या शब्दांत मांडायचं, हे काम. सहा वर्षं वाचलेले शोधनिबंध इथं वाया जात नाहीत. (ताईनं विचारलंच, “विमा एजंटसारखं का गं?”) तिच्या मैत्रिणींपैकी एक औषध कंपन्यांसाठी अहवाल लिहिते, तेही घरी बसून. दुसरी औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी तपासत इस्पितळं पालथी घालते. पगार बरा, पण फिरती फार. लहान मूल असलेलीनं महिन्यातले किती दिवस बाहेर, ते आधीच विचारून घ्यावं.

पुण्याच्याच मायलॅब कंपनीतल्या विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले आठवतात ना? मार्च २०२० मध्ये त्यांच्या चमूनं कोरोनाच्या तपासणीचं किट सहा आठवड्यांत तयार केलं. दिवस भरत आलेले असताना १८ तारखेला ते तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. त्या काही कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हत्या!

परतताना स्टेशनवरूनच ताईला फोन लावला. म्हटलं, “दिवाळीचं राहू दे, पुढच्या पाडव्यापर्यंत थांब.” ती “बघते” म्हणाली. ताईचं “बघते” म्हणजे निम्मं हो असतं.