घसारा

आमचा लॅपटॉप सात वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सांभाळ संपला, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, अकरा टाकून घ्या." घेतलं. त्या दिवसापासून लॅपटॉप आमच्या शाखेतल्या पासबुक-प्रिंटरसारखा वागू लागला. बटण दाबून मी आंघोळ उरकून यायचो, तरी स्वारी आपली गोल फिरतेच आहे! बॅटरी शंभर टक्के दाखवी आणि तासाभरात डोळे मिटी.

"जुनाच बरा होता," ही म्हणाली. लॅपटॉपबद्दलच म्हणाली असावी.

शेवटी तपासणी आरंभली. टास्क मॅनेजर उघडला, तर सुरू होताच अकरा प्रोग्रॅम न बोलावता हजर! नवांना रजा दिली. शिवाय आत सगळ्या फायलींची नव्यानं खतावणी चाललेली. ती रात्रभर चार्जर लावून होऊ दिली. वेग आला.

बॅटरी मात्र तशीच. मग चिरंजीवांनी काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' टाइप केलं. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, आजची १६,८००. मी कॉमर्सचा पदवीधर. कपाळावर हात मारला. अहो, हा तर घसारा! शंभर टक्के म्हणजे उरलेल्या चाळिसाचे शंभर. एरवी चार्जर कायम लावलेला, म्हणून कळलं नव्हतं इतकंच. शिव्या उगाच नव्या सिस्टिमला.

बँकेत नवी पद्धत आल्यापासून मी दमतो तो तिच्यामुळेच, असं मी घरी वर्षभर सांगत होतो. अहवाल वाचून हिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी निमूटपणे चहा मागितला.