गिअरबॉक्सला खोटं सांगू नये

तर झालं असं. गेल्या दिवाळीत मी पुण्याहून निघालो, नाशिकला ताईकडे मुक्कामाला असलेल्या आप्पांना (म्हणजे वडिलांना) गाडीत घेतलं आणि जळगावच्या वाटेला लागलो. मालेगाव मागे पडलं, धुळं आलं, तिथून उजवीकडे सुरत-नागपूर रस्ता धरला. पारोळा जवळ आला तेव्हा एका ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला. चौथा गिअर पडला, इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी काही पुढे सरकेना! आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर आणि वेग होता तेवढाच. मग समोर पिवळं चिन्ह लागलं आणि जळक्या तेलाचा वास आला.

"काय व्हयनं रे?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आप्पा, जरा गरम झाली असेल."

हे त्या दिवसातलं माझं पहिलं खोटं.

गाडी सेकंडहँड, २००९ चं मॉडेल. तीन लिटरचं डिझेल इंजिन, २३५ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. दोष माझा होता. वर्षभरापूर्वी मी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं होतं. रिमॅप म्हणतात त्याला. एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, चाळीस मिनिटं बसला आणि ५०० चे साधारण ५८० झाले म्हणाला. एकही स्क्रू न फिरवता! सॉफ्टवेअरवाल्याला याहून मोठा मोह कोणता असणार? घरी सांगितलं, "सर्व्हिसिंगचा खर्च आला."

गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटांत एक ट्रॅक्टरवाला थांबला. दोर बांधतो, पारोळ्यापर्यंत ओढत नेतो म्हणाला. माणूस मोठ्या मनाचा, पण नाही म्हणावं लागलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून मागची चाकं फिरवत नेली तर आतले गिअर आणि बेअरिंग तेलाशिवाय फिरतात. उरलासुरला गिअरबॉक्सही जातो. त्यामुळे अशी गाडी न्यायची ती चारही चाकं वर घेऊनच. धुळ्याहून सपाट पाट्याची गाडी यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात मी आप्पांना सांगत बसलो की इथून जवळच, अमळनेरला, १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. आप्पा म्हणाले, "त्यांनी तूप नीट केलं असेल आधी." असो.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रकच्या गॅरेजांना तोटा नाही. पण ऑटोमॅटिक उघडणारे हात कमी. ज्यांच्याकडे गाडी गेली त्या उस्तादांनी बरीच वर्षं मुंबईत हेच काम केलं आणि मग गावी परत येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं. वय साठीच्या आसपास, बोलणं कमी.

"साहेब, पहिला-दुसरा-तिसरा कसा पडतो?"

"ठीक."

"रिव्हर्स?"

"ठीक."

"चौथ्यापासून वर फसते?"

"हो."

"मग ई क्लच," ते म्हणाले. गाडीला हात न लावता!

मी अवाक. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा झेडएफचा सहा गिअरचा सिक्स एचपी. २००१ पासून कितीतरी जर्मन गाड्यांत आला. आत तीन क्लच आणि दोन ब्रेक, एवढ्यांतल्या दोन-दोनांच्या जोड्या लावून सहा पुढचे आणि एक मागचा गिअर बनतो. ई क्लच फक्त चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यात लागतो. तिसऱ्यापर्यंत सगळं ठणठणीत आणि चौथ्यापासून घसरण, म्हणजे गुन्हेगार ठरला. आमच्याकडे याला डीबगिंग म्हणतात आणि त्याचे बरे पगार मिळतात.

"इंजिनाला काही छेडछाड केली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

दुसरं खोटं. आप्पा बाजूच्या स्टुलावर चहा पीत बसले होते ना!

आम्ही एसटीने जळगावला गेलो. दिवाळी झाली. चार दिवसांनी उस्तादांचा फोन आला, "उघडलाय, बघून जा." आप्पाही सोबत आले. टेबलावर पांढऱ्या कागदावर सगळे भाग ओळीने मांडलेले. आधी त्यांनी तेलाच्या पॅनमधली चुंबकं दाखवली. त्यांवर करड्या रंगाचा बारीक लगदा असणं चालतं, ती रोजची झीज. कण, चुरा, तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंग गेलं. आमच्याकडे लगदाच होता, पण काळा आणि भरपूर. मग ई क्लचच्या प्लेटा. कागदी अस्तर जळून सुटलेलं, मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग.

"साहेब, तेल जुनं होतं, मान्य. पण तेलाने एकच क्लच असा जळत नाही. मी हा नवा टाकीन, तुम्ही गाडी न्याल आणि सहा महिन्यांत परत आणाल. तुम्ही मला काय सांगत नाहीये?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा प्लेटा बघत होते.

मग सांगितलं. सगळं.

उस्ताद रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "म्हणजे इंजिन खोटं बोलत होतं." आणि इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर टॉर्क स्वतः मोजत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला आकडा सांगतो आणि त्या आकड्यावरून क्लच किती दाबाने धरायचा ते तो ठरवतो. रिमॅप करणाऱ्याने टॉर्क वाढवला, पण सांगायचा आकडा जुनाच ठेवला. गिअरबॉक्स बिचारा ५०० च्या हिशोबाने क्लच धरून बसला होता, येत होते ५८०. प्रत्येक वेळी थोडासा घसरायचा, थोडासा जळायचा. चुकीचा डेटा देणारी एपीआय आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा प्रामाणिक प्रोग्राम. मी रोज ज्यावरून ज्युनिअर पोरांना झापतो, तेच!

मग यादी झाली. तुमच्यापैकी कुणाला कधी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

आधी बदलायच्या गोष्टी. सगळ्या क्लचच्या अस्तराच्या प्लेटा, जळलेल्याच नव्हे. डाग पडलेल्या किंवा वाकलेल्या स्टील प्लेटा. रबर चिकटवलेले पिस्टन, कारण ते रबर वर्षांनी कडक होतं. सगळे ऑइल सील, ओ-रिंगा, टेफ्लॉनच्या रिंगा, पंपाचा बुश आणि पुढचं सील. व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्सच्या अंगामधले रबरी जोड. वायरिंगचा प्लग जिथून बाहेर येतो तिथली प्लास्टिकची बाही, तिथून तेल हमखास गळतं. पॅन पूर्णच नवं घ्यायचं, कारण फिल्टर त्यातच बसवलेला असतो. टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड केलेला असल्यामुळे तो वरून धुऊन साफ होत नाही. आमचा मुंबईला पाठवला, तिथे कापून, आतलं अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून आला. आणि ऑइल कूलर. जुन्या कूलरमध्ये अडकलेला जळका चुरा पहिल्याच दिवशी नव्या गिअरबॉक्समध्ये येतो.

आता तपासायच्या गोष्टी. प्लॅनेटरी गिअरचे दात आणि बाजूचा खेळ. बेअरिंगा. ड्रमच्या आतल्या खाचा. व्हॉल्व्ह बॉडीतला प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने सरकतो का. (हे काम उस्ताद काचेच्या केबिनमध्ये करतात आणि तिथे सुती फडकं आणायला बंदी. एक धागा अडकला तरी व्हॉल्व्ह अडतो.) सोलेनॉइड नवे घातले. कॉम्प्युटर मात्र जुनाच ठेवला, कारण तो त्या गाडीशी कोडिंगने बांधलेला असतो.

आप्पा हे सगळं ऐकत होते. केळीत आयुष्य गेलेला माणूस, इंग्रजी शब्द अर्धे कळत नसतील असं मला वाटत होतं. त्यांनी व्हॉल्व्ह बॉडी बघितली, भूलभुलैयासारख्या त्या नाल्या बघितल्या आणि विचारलं, "प्रेशर कुठे मोजता?"

उस्ताद पहिल्यांदा हसले.

"आमच्या ठिबकचंही असंच," आप्पा म्हणाले. "फिल्टर चोक झाला की पंपाजवळ सगळं ठीक दिसतं. टोकाचं झाड सुकतं." आणि मग पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीबद्दल बोलले. बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडाला पाळीने पाणी, आणि कुणाला किती हे ठरवणारा पाटकरी. "हा तुमचा डबा म्हणजे पाटकरी. त्याला पाण्याचा हिशोबच खोटा दिला तर तो काय करणार?"

माझ्या एपीआयपेक्षा हे उदाहरण चांगलं आहे. कबूल.

जोडणी दोन दिवस चालली. नव्या प्लेटा आधी तेलात भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात. प्रत्येक क्लचचा गॅप फिलर गेजने मोजला, शाफ्टचा खेळ डायल गेजने. मग कॉम्प्रेसरची हवा एकेका क्लचच्या भोकात. थप् असा आवाज आला म्हणजे पिस्टन बसला, फुस्स झालं म्हणजे सील कापलंय, पुन्हा उघडा. कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत फिरवत तीन टप्प्यांत आत जायला हवा. अर्धवट आत असताना बोल्ट आवळले तर पंपच तुटतो. या गाडीला डिपस्टिक नाही. तेल ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या भोकातून धार बारीक होईपर्यंत भरायचं. शेवटी जुन्या सवयी पुसून टाकायच्या, म्हणजे कॉम्प्युटरने शिकलेले आकडे रीसेट करायचे आणि हळूहळू चालवून त्याला नव्याने शिकू द्यायचं.

आणि त्याआधी, उस्तादांची अट, इंजिनाचं सॉफ्टवेअर परत मूळचं. तसं केलं तरच चावी देईन म्हणाले.

बिल झालं दोन लाख दहा हजार. हे पैसे घरात होते, पण ते आप्पांच्या तीन एकरांच्या नव्या ठिबकसाठी मी कबूल केलेले होते. जुन्या नळ्या आता जागोजागी गळतात. परतीच्या वाटेवर एरंडोलपर्यंत मी काही बोललो नाही. मग म्हणालो, "आप्पा, यंदा ठिबकचं जमणार नाही."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

"ते मला त्या प्लेटा बघूनच कळलं," ते म्हणाले. "एक वर्ष नळ्या बांधून काढू. पण पारोळ्याला मी विचारलं तेव्हाच सांगायचं होतंस."

त्या रात्री बायकोला फोन करून रिमॅपचं सांगितलं. तिकडून जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ऐकून बरं वाटलं.

आता गाडी ५०० वरच चालते आणि मला ते ८० आठवतसुद्धा नाहीत. तेलाचं कॅलेंडरमध्ये टाकलंय. "आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही" असं पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, हे विचारायला हवं. त्याच कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या पाच तारखेला आणखी एक नोंद आहे, 'आप्पांचं ठिबक'. सात हप्ते झालेत.

सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणार असाल तर चौथ्या गिअरात चढावर पाय दाबून बघा. आणि गाडी कुणाच्या हातात देणार असाल तर त्याला सगळं खरं सांगा. तो कुठल्या ना कुठल्या प्लेटेवर वाचतोच.