गहू, नाक आणि माझी चुकलेली नोंद



झोडणी उरकली. पेंढा अजून खळ्यावर आहे, वरच्या तुकड्यात ओलीवर वाल टाकलाय. पीक-पाण्याची नोंद दोन दिवसांत लिहितो. आज एक जुनी नोंद दुरुस्त करायची आहे.

गेल्या वर्षी मार्चात मी इथेच लिहिलं होतं, "गहू सोडला, सहा आठवड्यांत सायनस गेला." ती पोस्ट खूप फिरली. गिरणीवर येणारे लोकही विचारायला लागले. ती पोस्ट अर्धवट होती, आणि त्या अर्धवटपणाची किंमत माझ्या मुलीने मोजली. म्हणून हे सविस्तर.

आमचं नावडं आता शहरात गेलं. जमिनीतली बरीचशी संपादनात गेली, उरल्या दोन एकरात भात, आणि जोडीला गावात पिठाची गिरणी. चार वर्षं माझं एकच रडगाणं होतं. कार्तिक लागला की नाक बंद, भुवयांच्या वर दगड ठेवल्यासारखं, घट्ट पिवळा शेंबूड, आणि वास गायब. नवा तांदूळ चुलीवर शिजतोय आणि शेतकऱ्याला त्याचा वास येत नाही, यापरीस दुसरं दुःख काय.

आमच्या पट्ट्यातला माणूस आधी हवेला दोष देतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याची निळी कुत्री सगळ्या जगाने पाहिली, कासाडी नदीची गोष्ट तर विचारूच नका. पण हवा बारा महिन्यांची, आणि माझा त्रास ठरावीक चार महिने वाढायचा. मग पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, ग्लुटेन असेल. गहू सोडून बघा." आईने तर लगेच री ओढली, "आपले घरान चपाती कवा व्हती? तांदळाची भाकरी खाऊनशी मोठं झालू आपून." खरंच आहे. आमच्याकडे गहू आला तो रेशनच्या पिशवीतून.

फेब्रुवारीत घरातला गहू बंद केला. माझ्यापुरता नाही, सगळ्यांचाच. मार्चअखेर नाक मोकळं. मी खूश होऊन पोस्ट टाकली.

आता मी त्या वेळची वही काढून बघितली. त्याच फेब्रुवारीच्या मध्यावर पेंढा तबेल्याला विकला होता. त्याच महिन्यात गिरणीची मोटर जळाली आणि गिरणी तीन आठवडे बंद होती. म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, आणि श्रेय मी एकीलाच दिलं. शेतात आपण असं करतो का? एकाच वाफ्यात बियाणं, खत आणि फवारणी तिन्ही बदललं, तर उतारा कशामुळे वाढला हे कोण सांगेल? पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रावर खारी जमीन सोसणारे भाताचे वाण निघाले, ते शेजारी नेहमीचा वाण लावून, तुलना करूनच. स्वतःच्या नाकाला मात्र मी तुलनेचा वाफा ठेवला नाही.

पुढच्या कार्तिकात गव्हाचा कण पोटात नसताना नाक पुन्हा बंद झालं. तेव्हा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. स्कॅनमध्ये नाकाचा पडदा वाकडा आणि आत सूज. त्वचेवर टोचून अ‍ॅलर्जीची तपासणी केली, तर दोन गोष्टींना चकंदळ उठलं: बुरशी आणि गव्हाचं पीठ.

मी म्हटलं, बघा, गहूच निघाला! डॉक्टर हसले. म्हणाले, "खाल्लेला नाही, हुंगलेला." भट्टीवाले आणि गिरणीवाले यांचा हा जुना आजार आहे. इटलीच्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात पिठाच्या धुळीने त्रासलेल्या लोकांचं वर्णन आहे. अशा माणसाला बरेचदा चपाती खाल्ली तर काही होत नाही, उडतं पीठ मात्र सोसत नाही. माझ्या बाबतीत गिरणीने नाक बारा महिने सुजतं ठेवलं, आणि हिवाळ्यात दमट पेंढ्याच्या बुरशीने भर घातली.

आता मुलीचं.

ती अकरा वर्षांची. दोन वर्षांपासून फिकट, लोहाचं औषध देऊनही रक्त वाढेना, पोट फुगायचं, वर्गात सगळ्यात बुटकी. गहू बंद केल्यावर ती सुधारत होती. आम्हाला वाटलं, भाकरी मानवली. गेल्या डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांनी सिलियाकसाठी रक्ततपासणी सांगितली. रिपोर्ट कोरा आला. त्यांनी विचारलं, "गहू खाते ना?" मी अभिमानाने म्हटलं, "दहा महिने घरात गहू नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं.

ही तपासणी गहू पोटात जात असतानाच करायची असते. गहू बंद असला की रक्तातल्या त्या खुणा उतरतात, आतड्याची जखम भरायला लागते, आणि आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा आठवडे तिला रोज चपाती. तिसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागलं. ती ताट पुढे घेऊन विचारायची, "पप्पा, आज किती राहिले?" मीही तिच्यासोबत चपाती खाल्ली. दुसरं काय करणार. सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला तो चांगलाच चढा, आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासल्यावर सिलियाक पक्कं झालं.

मी पोस्ट वाचून, पोस्ट लिहून शहाणपणा केला नसता आणि आधी तपासणी केली असती, तर ते सहा आठवडे तिला भोगावे लागले नसते.

गंमत बघा. जिला खरोखर ग्लुटेनचा आजार, तिचं नाक कायम स्वच्छ. आणि मी सहा आठवडे चपाती खाल्ली, त्या काळात गिरणीत तोंडाला मास्क होता, तर माझं नाकही मोकळं राहिलं. अशा घरातल्या जवळच्या नातलगांचीही तपासणी करतात, म्हणून आमची सगळ्यांची झाली. माझी कोरी आली, आणि ती गहू खात असताना.

तर मित्रांनो, मला समजलं ते असं. गव्हाने होणारे त्रास वेगवेगळे आहेत. सिलियाक हा आतड्याचा आजार. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर बिघडली, त्यावरून डिके नावाच्या डॉक्टरांचा गव्हावरचा संशय पक्का झाला. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा असतो, दक्षिणेत हजारात एकाला. दुसरी गव्हाची अ‍ॅलर्जी, खाण्याची किंवा हुंगण्याची. तिसरी, तपासण्या कोऱ्या तरी गहू सोसत नाही अशी माणसं. तोही त्रास खरा असतो, पण बरेचदा तो ग्लुटेनचा नसून गव्हातल्या दुसऱ्या घटकाचा निघतो. ग्लुटेन खाल्ल्याने जुनाट सायनस होतो, याला पक्का पुरावा नाही. बारा आठवड्यांहून जास्त नाक बंद असेल तर पडदा, मस्से, बुरशी, धूळ, वरच्या दाढेची कीड, हे आधी तपासून घ्या.

कृषी अधिकारी मित्र आणि गहूवाले, तुमच्यासाठी एक. सातारा-सांगलीकडची खपली चांगली आहे, मागणीही आहे. पण खपलीत ग्लुटेन आहे. "ग्लुटेन नाही" म्हणून कोणी विकत असेल तर हात जोडून थांबवा. माझ्या मुलीसारखं लेकरू ते खाईल. बांधणी हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं, पाकीट वाचा.

गिरणीत आता पिठाच्या तोंडाला लांब कापडी बाही लावली आहे, झाडू बंद केला, ओल्या फडक्याने पुसतो, आणि एन-९५ मास्क घालतो. पेंढा दोन उन्हं जास्त देतो. संध्याकाळी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतो. साधं नळाचं पाणी वापरू नका.

मुलीचं रक्त वाढलंय, दारामागची उंचीची खूण यंदा दोन बोटं वर गेली. तिच्या तांदूळ-नाचणीसाठी मात्र घरात वेगळी छोटी चक्की घेतली. गावाचं दळण करतो मी, पण पोरीला माझ्या गिरणीचं पीठ चालत नाही. सुरुवातीला ते फार लागलं. आता ती चक्की तीच चालवते.

जुनी पोस्ट काढत नाही. तिच्या खाली ही जोडतोय. ज्यांनी ती पुढे पाठवली, त्यांनी हीही पाठवा.

काल नवा तांदूळ शिजताना वास आला.