लक्षण आणि लक्षणा

'निदान' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक वैद्यकातला, रोगाचे मूळ कारण ओळखण्याचा. दुसरा रोजच्या बोलण्यातला, 'किमान' असा. 'निदान पत्र तरी वाचायचेस' असे आपण म्हणतो तेव्हा हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ राहतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला मला दिंद्रुडच्या रस्त्याकडेच्या एका गॅरेजने लावले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला राहतात. मी केजला मराठी शिकवतो. गेली दोन वर्षे अण्णांचे बोलणे कमी होत चालले होते. विचारले एक की उत्तर दुसरेच येई. नातवंडांनी काही सांगितले की ते नुसते हसत. घरात चार माणसे जमली की ते उठून ओसरीवर जात. भावाने एक शब्द उच्चारला, विस्मरण. आणि एकदा तो उच्चारल्यावर आम्हांला सगळीकडे त्याचेच पुरावे दिसू लागले. अखेर अंबाजोगाईला डॉक्टरांची वेळ घेतली.

ऊसतोडीचे दिवस होते. तेलगाव मागे टाकून धारूरचा घाट चढू लागलो आणि दुसऱ्या वळणावर गाडीचा जीव गेला. इंजिन बंद पडले नाही, पण पाय कितीही दाबला तरी फेरे वाढेनात. समोरच्या फलकावर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मागे उसाने भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे एसटी. कशीबशी जागा पाहून गाडी वळवली. अण्णा शेजारी शांत बसून होते. 'घाबरलात का?' असे विचारले, तर म्हणाले, 'हो, ऊस यंदा बरा आहे.' मी मनात आणखी एक पुरावा नोंदवला.

हा दिवा मला नवा नव्हता. महिन्यापूर्वी एका मोठ्या कार्यशाळेत गाडी दाखवली होती. तिथे यंत्र लावून कोड वाचला गेला आणि पाच मिनिटांत निर्णय झाला: टर्बो गेला, चाळीस हजारांच्या पुढे खर्च. मी कचरलो, तेव्हा दुसऱ्या एकाने टर्बोचा दाब मोजणारा सेन्सर बदलून दिला. आठ दिवस गाडी सुरेख चालली आणि मग हा घाट आला.

दिंद्रुडला परतलो. रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे सेन्सर वाचण्याचे छोटे यंत्र आहे असे कळले. त्याने कोड वाचला: पी ०२३७. मी लगेच आधीचे दोन निर्णय त्याला सांगितले. तो म्हणाला, 'सर, हे टर्बो गेला असं म्हणत नाही. सेन्सर गेला असंही म्हणत नाही. सर्किट लो म्हणायलंय. म्हंजे व्होल्ट कमी यायलेत. का यायलेत ते बघू ना आधी.'

मला जरा शरमल्यासारखे झाले. वर्गात दरवर्षी मी मम्मटाचा 'काव्यप्रकाश' शिकवतो. अकराव्या शतकातल्या या आचार्याने लक्षणेसाठी अटी घातल्या आहेत: आधी मुख्यार्थाचा बाध झाला पाहिजे, मग लक्ष्यार्थाचा त्याच्याशी संबंध हवा, आणि पाठीशी रूढी किंवा प्रयोजन हवे. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले, तर प्रवाहावर घरे बांधता येत नाहीत म्हणून आपण 'तीरावर' असा अर्थ घेतो. प्रवाहावर घरे शक्य असती तर तीराकडे वळण्याचा अधिकारच नव्हता. कोडचा मुख्यार्थ कुणी तपासलाच नव्हता. सगळे थेट तीरावर जाऊन बसले होते.

त्यानंतरचा तासभर मी एक शिस्तबद्ध वाचन पाहिले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर टर्बोचे एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आजच्या मोटारींत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. किती हवा भरली गेली हे सेन्सर व्होल्टेजच्या भाषेत संगणकाला सांगतो, आणि संगणक त्या हिशेबाने डिझेल सोडतो. हा निरोप विश्वासार्ह वाटला नाही की संगणक जोखीम घेत नाही. डिझेल आखडते आणि गाडी रांगू लागते. यंत्र धडधाकट असूनही ते आजाऱ्यासारखे वागते, कारण बाहेरची खबर त्याला नीट पोचत नाही.

तरुणाने इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली. अशा वेळी टर्बो फिरत नसतो, म्हणून सेन्सरने भोवतालच्या हवेचाच दाब सांगायला हवा. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल असतो, आमच्या पठारावर पाच-सहाने कमी. यंत्रावर ९६ दिसत होते. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता. मग त्याने वायरिंगचा जुडगा हाताने हलवला, आणि आकडा धाडकन तळाला गेला. सेन्सरला येणारा ५ व्होल्टचा पुरवठा ठीक होता, अर्थिंग ठीक होते. बॅटरी सोडवून, दोन्ही टोकांचे जोड काढून त्याने निरोपाची तार आणि गाडीची बॉडी यांच्यात मीटर धरला. एरवी तिथे संबंध असता कामा नये. जुडगा दाबला की मीटर वाजे.

इंजिनच्या मागच्या अंगाला, एका लोखंडी पट्टीजवळ, नळीचे काळे आवरण उंदराने कुरतडले होते. आतल्या तारेचे तांबे उघडे पडून खड्ड्याच्या हादऱ्याने पट्टीला टेकत होते. त्याने खराब तुकडा कापून नवी तार डाखली, वर नळी चढवून गरम करून आवळली, जुडगा पट्टीपासून दूर बांधला. मग शंका उरू नये म्हणून टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून दांडा बोटांनी फिरवून, ओढून पाहिला. ठणठणीत होता. मजुरी झाली साडेतीनशे रुपये.

परंतु त्या तासात माझे लक्ष हळूहळू गाडीवरून उडाले होते. अण्णा शेजारच्या खाटेवर बसून त्या पोराशी बोलत होते. विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन, त्याचे हँडल उलटे बसून मोडलेले मनगट, कोणत्या साली पाऊस दगा देऊन गेला, सगळे जागच्या जागी, सालवारीसकट. त्या तरुणाला इंजिनांच्या घरघरीमुळे समोरच्याच्या तोंडाकडे पाहून मोठ्याने बोलायची सवय होती. बाकी त्याने वेगळे काहीही केले नव्हते.

आणि मग मला अण्णांचे एक वाक्य आठवले. गेली दोन वर्षे ते ते सतत म्हणत: 'तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता.' आम्ही त्याचा लक्ष्यार्थ घेतला होता. म्हाताऱ्या माणसाची नव्या पिढीवरची तक्रार, एकटेपणाचा हुंकार, मी तर मनातल्या मनात त्यात काव्यही पाहिले होते. त्यांना मात्र एवढेच म्हणायचे होते की, आम्ही पुटपुटतो.

अंबाजोगाईला गेलो ते दुसऱ्या आठवड्यात, आणि आधी कान तपासून घेतले. दोन्ही कानांत उंच पट्टीचे ध्वनी बरेच कमी झाले होते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा हेच घडते: स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने गळतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. जग पुटपुटू लागते. विस्मरणाची तपासणीही झाली. डॉक्टरांनी थोडे वयाचे, थोडे लक्ष ठेवण्याजोगे, असे सांगितले. श्रवणयंत्राने सगळे सुटले असे मी लिहिणार नाही. न ऐकू येणे आणि स्मृतिभ्रंश यांचाही संबंध आहे; २०१७ साली लॅन्सेटच्या आयोगाने टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाची गणना केली, ती उगाच नव्हे. आम्ही दोन वर्षे घालवली, ती परत येणार नाहीत.

आपण साहित्याचे लोक व्यंजनेवर पोसलेले. आनंदवर्धनापासून आपण शिकलो की उत्तम काव्याचा प्राण ध्वनीत असतो, आणि ते खरेच आहे. परंतु त्यामुळे सरळ अर्थाची आपल्याला थोडी लाज वाटू लागते. एखाद्या विद्यार्थ्याने कवितेत काय म्हटले आहे तेवढेच लिहिले, तर मी त्याचे गुण कापत आलो आहे. वाच्यार्थ ही पायरी आहे, हे शिकवताना ती चढावी लागते हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. व्यंग्यार्थाची घाई झालेल्या वाचकाला समोरचा माणूस दिसत नाही. त्याला आपलाच अर्थ सगळीकडे दिसतो.

यंत्र बसवून दिंद्रुडला परतताना अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. उतार संपून तेलगावच्या अलीकडचा सपाट रस्ता लागला. मी गाडी थोडी जोरात घेतली, तसे त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

'ही बारीक शिट्टी कशाची रे?'

मी कान दिला. खरेच होती.

'टर्बोची,' मी म्हणालो. मोठ्याने बोलावे लागले नाही.