भिजत घोंगडे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणी सहज एखादा वाक्प्रचार बोलून गेले, की बोलणे सोडून तो त्या वाक्प्रचाराच्याच मागे लागतो. कचेरीतली फाईल अडली, मुलीचे लग्न लांबले, सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न सुटेना, की आपण सारे म्हणतो, 'भिजत घोंगडे पडले आहे!' पण आपल्यापैकी किती जणांनी भिजलेली घोंगडी हातात उचलून पाहिली असेल?

मला तो योग आला गेल्या हिवाळ्यात, इंदापूर तालुक्यातल्या कळस गावी. माझ्या एका विद्यार्थ्याचे ते गाव, आणि घर सणगराचे. धनगराने मेंढरे राखावीत आणि सणगराने त्यांच्या लोकरीची घोंगडी विणावी, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. विद्यार्थ्याच्या आजोबांनी वापरातली एक घोंगडी धुतली होती. ती वाळत घालायला मी हात लावला आणि चक्क वाकलो! बादलीभर पाणी तिच्यात मुरले असावे. 'दोन दिस तरी वाळत न्हाई ही,' आजोबा म्हणाले. वाक्प्रचाराचा अर्थ मला त्या दिवशी मनगटाने सांगितला.

मग त्यांनी सारे काम दाखवले. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बेताची. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची किलोभरही भरत नाही. कोकराच्या पहिल्या मऊ लोकरीला म्हणतात 'जावळ'. आपल्या बाळाच्या डोक्यावरच्या केसांना जो शब्द, तोच कोकराला! लोकर निवडायची, पिंजायची, बायकांनी ती चरख्यावर कातायची. मग ताणा लांबच लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावायची. आपल्याकडे 'खळ पडणे' म्हणजे काम थांबणे. सणगराच्या घरी खळ लागल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ही खळ वाळायला ऊन हवे, म्हणून पावसाळ्यात काम बंद. शेवटी खड्ड्यात पाय सोडून विणकर मागावर बसतो.

'एका घोंगडीला किती दिवस लागतात?' मी विचारले.

'घरच्या तिघांनी हात लावला तर आठ दिस धरा.'

त्यांनी सांगितलेल्या किमतीचा मी मनातल्या मनात हिशेब मांडला. लोकरीचे पैसे वजा केले, उरले ते तिघांत आणि आठ दिवसांत वाटले. आलेला आकडा शेतमजुराच्या रोजापेक्षा कमी होता. मी म्हटले, 'आजोबा, ही कला टिकली पाहिजे.'

ते हसले. 'सर, कला म्हनू नका, काम म्हना. कलेचं कवतिक हुतं. कामाचं पैसं द्यावं लागत्यात.'

कौतुकाला खरोखरच तोटा नाही. तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा मेंढरे तिच्याभोवती रिंगण धरतात आणि ते पाहायला माणसे लोटतात. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतांपर्यंत नेऊन पोचवले. जपाला घोंगडीचे आसन आजही पवित्र मानतात. पण उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तालुक्यात पाणी आले, ऊस आला आणि चराऊ माळ कमी झाले. आता मेंढी पाळायची ती मटणासाठी. त्याकरिता माडग्याळ जातीची थोराड मेंढी बरी. लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणाऱ्याला पदरचे पैसे द्यायचे आणि कातरलेली लोकर टाकून द्यायची, अशी पाळी कितीतरी धनगरांवर आली आहे.

नातू बारामतीला कारखान्यात नोकरी करतो. त्याला विणता येते. तो पाणी आणायला आत गेला तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, 'त्यानं मागावर बसावं असं लई वाटतं. पर पगार सोडून ये म्हनायला त्वांड कुठनं आनू?' आजी चरख्याशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त सूत तुटले, ते पुन्हा जोडले.

मी एक घोंगडी घेतली. घरी आल्यावर शेजारचे अण्णा म्हणाले, 'अहो, एवढ्यात दोन ब्लँकेटे आली असती!' आली असती, यात शंका नाही. ती अंगाला टोचलीही नसती. पण ब्लँकेटाची किंमत गिरणी स्वतःच ठरवते आणि आपण निमूट मोजतो. घासाघीस करण्याची आपली हौस भागते ती फक्त हाताने काम करणाऱ्यापाशी.

परवा विद्यार्थ्याचे पत्र आले. आजोबा म्हणतात, तिघांचा शेतमजुराइतका रोज धरून किंमत देणारी पाच गिऱ्हाइके मिळाली, तर दिवाळीनंतर ते माग पुन्हा लावतील आणि नातू रविवारी बसेल. आमच्या इमारतीत चौदा बिऱ्हाडे आहेत. तीन नावे झाली. बाकीच्यांचे अजून 'बघू' चालले आहे.